वायू-व्यापाराचं जाळं मोजताना २०२२ चा धक्का दिसत का नाही?

सुरसागर_काठ (बडोदा):
२००० ते २०२३ चा नैसर्गिक वायूचा व्यापार जाळं म्हणून मांडतोय. देश म्हणजे गाठी, व्यवहार म्हणजे धागे, आकडे कॉमट्रेडचे (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकड्यांचा साठा). धागे वाढत गेलेले दिसतात, पण २०२२ मध्ये, म्हणजे युक्रेन युद्धामुळे रशियाचा युरोपला जाणारा वायू आटला त्या वर्षी, काही घडलंच नाही असं चित्र येतंय. कुठे चुकतंय?

दहेजवाला:
आकडे डॉलरमध्ये घेतलेत का? त्या वर्षी भाव इतके भडकले की प्रमाणातली घट रकमेखाली झाकली जाते. टनातच घ्या. शिवाय मालाचे व्यापार-सांकेतांक २७११११ (द्रवरूप) आणि २७११२१ (वायुरूप) यांचे दोन वेगळे थर करा. पाइप एकदा गाडला की तिथेच राहतो, जहाज भर समुद्रात वळवता येतं. २०२२ मध्ये युरोपने जास्त भाव दिला, अमेरिकेची जहाजं तिकडे वळली आणि आपली आयात घटली. धागे तुटले नाहीत, त्यांची जाडी बदलली. नुसते धागे मोजून हे कळणार नाही.

मांडवी_दरवाजा:
एकक सांभाळा, निम्मे घोळ तिथेच होतात. एक टन एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) म्हणजे सुमारे १,३६० घनमीटर वायू. आपल्या दहेजच्या एलएनजी बंदराचा कतारशी असलेला करार वर्षाला ७५ लाख टनांचा, म्हणजे साधारण १० अब्ज घनमीटर. १,७४,००० घनमीटरच्या जहाजातल्या द्रवाचा वायू झाला की तो सुमारे ६०० पट होतो, म्हणजे ०.१ अब्ज घनमीटर. एलएनजीच्या थरात याहून बराच बारीक धागा म्हणजे वर्षभरात एक भरलेलं जहाजही नाही, तो गाळा. पाइपलाइनच्या थराला ही चाळणी लावू नका.

सुरसागर_काठ:
डॉलरच घेतले होते! निर्यातदाराचे आकडे आयातदाराशी जुळत नाहीत, त्याचं काय करू?

दहेजवाला:
आयातदाराचे धरा, तिथे मूळ देश नोंदवायचा असतो. रशियाचा वायू ऑस्ट्रियातल्या बाउमगार्टन या वायू-केंद्रामार्गे इटलीत जायचा. निर्यातीच्या रकान्यावर विसंबलात तर ऑस्ट्रिया बडा उत्पादक वाटायला लागेल. एलएनजी उतरवून पुन्हा भरून पाठवणाऱ्या स्पेनचंही तेच, एकच माल दोनदा मोजला जातो.

मांडवी_दरवाजा:
आणि २०२१ ते २०२३ साठी मिळतील तिथे महिन्याचे आकडे वापरा. रशियातून जर्मनीला जाणारी नॉर्ड स्ट्रीम-१ पाइपलाइन ऑगस्ट २०२२ अखेर थांबली, सप्टेंबरमध्ये स्फोट झाले. पण तोवर आठ महिन्यांचा वायू येऊन गेलेला, म्हणून वार्षिक जाळ्यात तो धागा जिवंतच दिसतो.