मदत हवी आहे: मोटरसायकलचा वेग वाढला की गाण्याचा आवाज आपोआप चढतो, बंद कसा करायचा?

कात्रजचा_वारा
हायवेला 80 च्या पुढं गेलं की गाण्याचा आवाज चढायला लागतो, 100 ला तर डोकं उठतं. टोलनाक्याशेजारच्या बोळात वेग उतरवला तरी आवाज लगेच उतरत नाही, कानात ढणढणाट चालूच. हे कुठून बंद होतं? शनिवारी पहाटे कोल्हापूरला निघायचंय. मॅन्युअल वाचा म्हणू नका, ते उशीएवढं जाड आहे.

निवांत_नाना
गाडी कुठली? आवाज गाडीच्या स्पीकरचा की हेल्मेटमधल्या हेडसेटचा? फोन ब्लूटूथवर की यूएसबीला?

एकटा_जीव
मुळात गाडीवर गाणी हवीतच कशाला? इंजिनाचा आवाज ऐकावा माणसाने. आमच्या बुलेटला सेटिंग एकच, ॲक्सिलरेटर.

कात्रजचा_वारा
नाना, टूरिंगची गाडी आहे म्हणजे सिस्टीम गाडीतच असणार ना. होंडाची गोल्डविंग टूर. उत्तर माहीत असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या.

मिसळ_विथ_पाव
चाळीस लाखांच्या घरातली गाडी घेतली आणि मॅन्युअल वाचायला वेळ नाही. वा!
बाकी एवढी सहा सिलिंडरची गाडी पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर सोडत नाहीत, समृद्धीवर सोडत नाहीत. मारुती 800 मात्र चालते. यावर कुणी बोलत नाही.

जर्सीचा_जोशी
मी इकडे न्यूजर्सीत हार्ले रोडग्लाइड चालवतो. आमच्याकडे याला ऑटोमॅटिक व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात. तुमच्या गाडीत साउंडच्या मेनूत ऑटो व्हॉल्यूम मिळेल: ऑफ, लो, मिड, हाय. गाडी उभी करून शोधा. पण एकदम ऑफ करू नका. वाऱ्याचा आवाज वेगाच्या मानानं फार झपाट्यानं वाढतो, वेग दुप्पट झाला तर साधारण 18 डेसिबलपर्यंत. सिग्नलला बरोबर लावलेलं गाणं हायवेला ऐकूच येणार नाही, मग दर वेळी डाव्या अंगठ्याने बटण दाबत बसाल. लो ठेवा.

कात्रजचा_वारा
लो वरच आहे! तरीही चढतो. तेच तर विचारतोय.

निवांत_नाना
हे आधी सांगायचं होतं. आणि स्पीकर की हेडसेट, याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

कात्रजचा_वारा
हेडसेट. कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर चालवतात ते) वापरतो, स्पीकरवर ऐकून काय रस्त्याला गाणी वाटायची का?

डेसिबल_देशपांडे
मग सापडलं. तुमच्याकडे एकाच कामाला दोन कारभारी आहेत. गाडी वेग बघून आवाज वाढवते. हेडसेट स्वतःच्या माइकनं भोवतीचा गोंगाट ऐकून पुन्हा वाढवतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, म्हणून 100 ला दुप्पट भडिमार. आणि हेडसेट गोंगाट खरंच कमी झालाय याची खात्री पटेपर्यंत थांबतो, म्हणून टोलनाक्याला आवाज उशिरा उतरतो. फोनवर हेडसेटचं ॲप उघडा. सेना कंपनीचा असेल तर स्मार्ट व्हॉल्यूम कंट्रोल, कार्डो कंपनीचा असेल तर एजीसी, दोन्ही गोंगाटानुसार आवाज बदलणारी सेटिंगं. ते ऑफ करा, गाडीचं लो राहू द्या.

जर्सीचा_जोशी
उलट करा देशपांडे. हेडसेटचं ठेवा, गाडीचं बंद. गाडीला फक्त वेग कळतो. यांच्या गाडीची वारा अडवणारी पुढची काच बटणावर वरखाली होते. काच वर घेतली की वारा डोक्यावरून जातो, हेल्मेट शांत होतं, पण गाडी 100 बघून आवाज चढवूनच ठेवते. समोरून वारा आला तर गोष्ट उलटी. माइकला निदान खरं काय ते ऐकू येतं.

डेसिबल_देशपांडे
जोशीबुवा, तुमच्या फ्रीवेवर चालत असेल. साताऱ्याकडून परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरा, शेजारी प्रेशर हॉर्न वाजवणारा ट्रक असू द्या, आणि मग बघा माइक काय करतो ते. कान बधिर होतील. वेग निदान खोटं बोलत नाही.

कानसेन_डॉक्टर
दोघेही मूळ मुद्दा सोडताहात. 85 डेसिबल आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सर्रास धरली जाणारी मर्यादा. नंतर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच. 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसता वाराच नव्वदीच्या पुढे जातो, त्यावर यांची गाणी! आधी फोमचे इअरप्लग घाला. वारा दबतो, मग तेच गाणं कमी आवाजात स्वच्छ लागतं. ऑटो व्हॉल्यूमची गरजच उरत नाही.

एकटा_जीव
इअरप्लग घातल्यावर मागून हॉर्न दिला तर ऐकायचा कोणी?

कानसेन_डॉक्टर
ऐकू येतो. प्लग सगळंच दाबतो, हॉर्नही आणि वाराही. वाऱ्यापेक्षा मोठा हॉर्न मोठाच राहतो. तुमच्या बुलेटच्या सायलेन्सरपुढे मात्र माझी हमी नाही.

मिसळ_विथ_पाव
हॉर्नवरून आठवलं, 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली होती. फरक पडला का काही?

निवांत_नाना
विषयावर या. वारेसाहेब, झालं का?

कात्रजचा_वारा
हेडसेटचं ऑफ केलं, गाडीचं लो. शिरवळपर्यंत जाऊन आलो. चढणं थांबलं, टोलनाक्यालाही ठीक. पण आता नेव्हिगेशनची बाई इतकी हळू बोलते की वळण मागं पडल्यावर कळतं.

डेसिबल_देशपांडे
तिची पातळी वेगळी असते. ती बोलत असताना व्हॉल्यूम वाढवा, म्हणजे फक्त तिचाच वाढेल. ती गप्प असताना दाबलंत तर गाणं वाढेल.

कात्रजचा_वारा
एवढं पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर? असो. आभार.

निवांत_नाना
पहिल्या प्रतिसादात मी तेच तीन प्रश्न विचारले होते. ब्लूटूथ की यूएसबी, हे तर आजतागायत कळलेलं नाही.

पुणेरी_पाटी
धागा वर आलाय म्हणून इथेच विचारतो: ॲक्टिवाच्या हँडलला चालेल असा, खड्ड्यात फोन उडणार नाही असा होल्डर कुणी सुचवेल का?