व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र शिकताना : आत्याच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

दुसरे_वर्ष

नमस्कार. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असून मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. या सत्रात आम्हाला व्यक्तिमत्त्व हा घटक आहे आणि त्यासोबत एक प्रात्यक्षिकही आहे. त्या प्रात्यक्षिकात जे घडले त्यामुळे मी थोडी गोंधळले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरी आजोबांच्या रागाचा विषय निघाला की 'स्वभावाला औषध नाही' हे वाक्य ठरलेले असे. त्यामुळे स्वभाव ही मोजता येण्यासारखी, अभ्यासता येण्यासारखी गोष्ट आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांमधला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचले, त्यांतून टिकाऊ स्वभावविशेष दाखवणारे सुमारे ४,५०० बाजूला काढले, पुढे कॅटेलने त्यांचे १६ घटक केले आणि आज बहुतेक अभ्यासक पाच घटकांवर (बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, कर्तव्यदक्षता, सौहार्द आणि नव्या अनुभवांची ओढ) येऊन थांबले आहेत, हा प्रवास मी एखादी रहस्यकथा वाचावी तसा वाचला. त्यानंतरचे दोन महिने मी भेटेल त्या माणसाला या पाच कप्प्यांत बसवत होते. बाबा रात्री झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर तीन वेळा तपासतात, तेव्हा मी मनातल्या मनात 'भावनिक अस्थिरता जास्त' अशी नोंद करून मोकळी झाले.

मग प्रात्यक्षिक आले. प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर चाचणी घ्यायची ती व्यक्ती, म्हणून मी माझ्या आत्याला बसवले. तिचे वय ५८. प्रश्नावली मराठीतच होती. प्रत्येक विधानापुढे एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करायची होती. माणसांत मिसळायला आवडते, अशा आशयाच्या विधानाशी तिची पेन्सिल थांबली आणि तिने विचारले, "कुठल्या माणसांत?" मी नियमाप्रमाणे सांगितले की, जे पहिल्यांदा मनात येईल तेच लिही. ती म्हणाली, "अगं, सासरी मला तीस वर्षे अबोल म्हणतात, आणि भजनी मंडळात मीच सगळ्यांना गप्प बसवते. मग लिहू काय?" मी पुन्हा तेच सांगितले. तिने एक सुस्कारा टाकून तीनवर खूण केली आणि पुढच्या चार-पाच विधानांनाही, जवळजवळ न वाचताच, तीन देऊन टाकले. गुणांकन केल्यावर बहिर्मुखता बरोबर मध्यावर आली. प्रात्यक्षिकाच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, आता मला 'प्रयुक्त मध्यम बहिर्मुख आहे' असे लिहायचे आहे. आत्याला ओळखणारे कोणीही हे वाक्य वाचून हसेल, कारण ती मध्यम कुठेच नाही.

यात चूक आत्याची आहे, चाचणीची आहे की माझी? आणि दुसरे असे की, नावे कळल्यापासून मी माणसांना 'तू असे का करतोस' हे विचारणेच बंद केले आहे, असे मला जाणवू लागले आहे. या विषयाच्या इतर विद्यार्थ्यांनाही असे होते का?

जुना_फळा

मी बरीच वर्षे हा विषय महाविद्यालयात शिकवला, त्यामुळे आधी नियमाविषयी सांगतो. तुम्ही आत्यांना विधान समजावून सांगितले नाही हे बरोबरच केले. प्रत्येक प्रयोगकर्ता आपापल्या परीने विधानाचा खुलासा करू लागला, तर शंभर प्रयुक्तांनी शंभर वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिल्यासारखे होईल आणि मग त्या गुणांची तुलना कशाशी करणार? प्रमाणित सूचना याचसाठी असतात.

मात्र तुमच्या आत्यांनी पेन्सिल थांबवून जो प्रश्न विचारला, त्यावर या शाखेत वीस-पंचवीस वर्षे वाद झाला आहे. हार्टशोर्न आणि मे यांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा वेगवेगळ्या प्रसंगांत तपासला, तेव्हा परीक्षेत फसवणारे मूल खेळातही फसवेलच असे दिसले नाही; दोन प्रसंगांतला संबंध अगदी कमकुवत निघाला. पुढे १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की, प्रश्नावलीत दिसणारा गुण आणि प्रत्यक्ष प्रसंगातले वागणे यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.३० च्या पुढे क्वचितच जातो. काहींना तेव्हा वाटले की आता व्यक्तिमत्त्व ही कल्पनाच निकालात निघाली.

ती निघाली नाही. एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवले की, एकाच दिवसाचे वागणे न पाहता अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली तर माणूस बराच स्थिर दिसतो. एका षटकावरून फलंदाज ओळखता येत नाही, हंगामावरून येतो, असे मी वर्गात सांगत असे. आणि खुद्द मिशेलने शोडा यांच्यासोबत १९९५ मध्ये जी मांडणी केली, ती तर तुमच्या आत्यांसाठीच केली असावी असे वाटते. माणसाचे सातत्य सरासरीत शोधण्याऐवजी 'असे असेल तर तसे' या आकृतिबंधात शोधावे, असे त्यांचे म्हणणे होते. सासरची बैठक असेल तर अबोल, भजनी मंडळ असेल तर पुढारी, आणि हे तीस वर्षे न बदलता. यात अस्थिर असे काहीच नाही. प्रश्नावलीने दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागले, एवढेच.

तीन या आकड्याविषयीही सांगायला हवे. खरोखरच मधला असणारा माणूस तीन लिहितो, 'प्रसंगावर अवलंबून आहे' म्हणणाराही तीनच लिहितो, आणि 'तुला काय करायचे आहे' असे मनात म्हणणाराही तीनच लिहितो. गुणांकनाच्या चावीला हे तिघे सारखेच. म्हणून प्राप्तांकाला हात लावू नका, परंतु अंतर्निरीक्षण अहवालात, म्हणजे प्रयुक्ताने स्वतःच्या अनुभवाविषयी जे सांगितले त्याच्या नोंदीत, आत्यांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा आणि चर्चेत हा मुद्दा मांडा. परीक्षक चांगला असेल तर तो जर्नलचे तेच पान वाचेल.

भरतीविभाग

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे पाच घटक नसतात, आमच्याकडे 'टाइप' असतात. मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या ग्रंथावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी तयार केलेली सोळा प्रकारांची प्रश्नावली अनेक कंपन्यांच्या प्रशिक्षणात अजून वापरली जाते. तिची अडचण वर आलेल्या 'तीन' या आकड्याशीच जोडलेली आहे. बहुतेक माणसे कोणत्याही गुणात मध्याच्या आसपास असतात आणि प्रकार पाडणारी रेघ नेमकी तिथूनच जाते, त्यामुळे महिन्याभराने तीच प्रश्नावली भरली की कित्येकांचे एखादे अक्षर पालटते. ही चाचणी निवडीसाठी वापरू नये, असे ती विकणारेही सांगतात.

तरीही लोकांना आपला प्रकार आवडतो, कारण त्याचे वर्णन वाचताना 'हा तर मीच' असे वाटते. फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना वैयक्तिक निष्कर्ष म्हणून एकच मजकूर वाटला होता, त्यातली वाक्ये बरीचशी भविष्याच्या पुस्तकातली होती, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

आमच्या एका सहकाऱ्याने ईमेलच्या खाली स्वतःचा प्रकार लिहून 'अंतर्मुख आहे, कृपया फोन करू नये' अशी सूचना जोडली आहे. क्रिकेटचा सामना असला की हाच गृहस्थ अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे समालोचन करतो.

पारावरचा

क्षमा असावी, परंतु यात नवे काय आहे? सत्त्व, रज, तम हे आपल्याकडे कधीपासून आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात या तिन्ही गुणांची लक्षणे स्वतंत्र समासांत दिली आहेत, आधी मूर्खाची आणि शेवटी पढतमूर्खाचीही. ५८ वर्षांच्या बाईला पेन्सिल देऊन तिचा स्वभाव विचारण्यापेक्षा तो दशक वाचला असता तरी पुरले असते.

जुना_फळा

तुम्ही काढलेला दाखला चांगला आहे, पण तो पूर्ण वाचू या. समर्थांनी मूर्खलक्षणे कशासाठी सांगितली? ऐकणाऱ्याने ती स्वतःत शोधावीत आणि टाकून द्यावीत, यासाठी. म्हणजे स्वभाव बदलता येतो हे तिथे गृहीतच आहे. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण त्या दशकाच्या विरुद्ध जाते. २००६ मध्ये रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या ९२ पाहण्यांचा एकत्र अभ्यास केला, त्यातही वय वाढेल तशी कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते, आणि यातला मोठा बदल विशी ते चाळिशीच्या काळात होतो, असे आढळले. फरक एवढाच की, लक्षणांची यादी खरी की खोटी हे तपासण्याची सोय आधुनिक चाचणीत असते. आत्यांचे तीन चुकले, हे आपल्याला त्या सोयीमुळेच तर बोलता येते.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचा दुसरा मुद्दा मात्र राहून गेला. बाबा रेग्युलेटर तीन वेळा का तपासतात? कारण त्यांची भावनिक अस्थिरता जास्त आहे. ती जास्त आहे हे कशावरून? ते रेग्युलेटर तीन वेळा तपासतात यावरून. हे गोल फिरणे आहे. गुणविशेषाचे नाव हे वर्णन असते. ते कारण म्हणून वापरले की विचारणे थांबते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे होते, काहींना पुढेही होत राहते, आणि त्यांतले काही माझ्यासोबत स्टाफरूममध्ये बसत असत.

दुसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. पारावरच्या काकांचा पढतमूर्ख मला उद्देशून असावा, आणि तो मी मुकाट्याने स्वीकारला आहे.

काल रात्री मी बाबांना विचारले. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही, कारण आपण तीन वेळा तपासतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. मग म्हणाले की, शेवटची दोन वर्षे आजीला वास येत नव्हता. दूध करपले तरी तिला कळत नसे आणि पहाटे चहासाठी ती एकटीच स्वयंपाकघरात जाई, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आजी जाऊन चार वर्षे झाली. मी त्याच घरात होते, तरी मला यातले काही माहीत नव्हते.

पण सर, एक गोष्ट मलाही सुटत नाही. काका त्याच घरात, त्याच दोन वर्षांत राहत होते आणि त्यांनी रेग्युलेटरला एकदाही हात लावला नाही. तेव्हा प्रसंग सारखा असूनही दोन भाऊ वेगळे वागले, म्हणजे गुणविशेष म्हणून काही तरी आहेच, असे मी चर्चेत लिहिले तर चालेल का?

आणि आत्याने आता हट्टच धरला आहे की तिला दोन प्रती हव्यात, एक सासरची म्हणून भरायला आणि एक भजनी मंडळाची म्हणून. द्याव्यात का?

जुना_फळा

काकांचा मुद्दा जरूर लिहा, मात्र 'आहेच' ऐवजी 'असावे' लिहा. दोन भावांवरून एवढेच म्हणता येते. जर्नलमध्ये पहिलीच प्रश्नावली राहील. दोन प्रती आत्यांना अवश्य द्या, पण एकाच दिवशी नको, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या, नाहीतर पहिल्या प्रतीतल्या खुणा आठवून त्या दुसरीत मुद्दाम उलट्या करतील. दोन्हींच्या वरच्या बाजूला 'खालील विधाने सासरी असताना' आणि 'खालील विधाने मंडळात असताना' असे ठळक लिहून ठेवा. या वेळी किती ठिकाणी तीन येतात तेवढे मोजून येथे कळवा.