१२० × ६० सेंमी फळीवर रेल्वेचा आराखडा कसा बसवावा?

प्रश्न

रेल्वेच्या प्रतिकृतीसाठी माझ्याकडे भिंतीलगतची १२० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद एवढीच फळी आहे. गाडी न थांबता फिरत राहील असा बंद मार्ग, त्यावर फलाट असलेले स्थानक, मालधक्क्याकडे जाणारी एखादी साइडिंग (मुख्य मार्गातून फुटणारा, एका टोकाला बंद असलेला बाजूचा मार्ग) आणि एक मार्ग दुसऱ्यावरून नेणारा पूल, एवढे सगळे मनात आहे. एचओ मापातील इंजिनांचे बारकावे मला फार आवडतात. परंतु जागा पाहता त्याहून लहान एन माप घ्यावे का, याचा निर्णय होत नाही. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

बंद मार्ग हवाच असेल, तर मापाचा प्रश्न फळीच्या रुंदीनेच सोडवला आहे. एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, नेहमीच्या गाड्यांसाठी मिळणारे सर्वांत आवळ वळण साधारण ३६ सेंमी त्रिज्येचे असते. म्हणजे दोन समोरासमोरच्या रुळांमधले अंतरच ७२ सेंमी झाले आणि ते ६० सेंमी रुंदीत मावणार नाही. एन मापात (१:१६०, रुळांमधील अंतर ९ मिमी) २४९ मिमी त्रिज्येचे तयार रूळ मिळतात. त्यांचे वळण सुमारे ५० सेंमीत बसते आणि दोन्ही कडांना पाच-पाच सेंमी उरतात.

मात्र आराखडा काढण्याआधी गाडीची लांबी ठरवा, कारण छोट्या जागेत बाकी सगळे त्यावरूनच ठरते. आपल्या फळीवर वळणे वगळता प्रत्येक बाजूला सुमारे ६० सेंमी सरळ मार्ग उरेल. त्यात स्थानकाच्या दुसऱ्या मार्गासाठी दोन सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे भाग) टाकले, की उभ्या गाडीसाठी जेमतेम ३५ सेंमी राहतात. म्हणजे एक इंजिन आणि तीन चारचाकी वाघिणी (मालडबे). २४ मीटर लांबीचा प्रवासी डबा एन मापातही १५ सेंमीचा होतो. २५ सेंमी त्रिज्येच्या वळणावर असा डबा रुळाबाहेर बराच झुकतो आणि दिसायलाही बरा दिसत नाही. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट असावी, असा माझा आग्रह आहे. म्हणून इथे आखूड डबेच शोभतील.

पुलाचा विचार मात्र सोडावा. खालून गाडी जाण्यासाठी एन मापात सुमारे ५ सेंमी उंची लागते. शंभराला तीन असा चढ घेतला, तरी चढायला १६७ सेंमी आणि उतरायला तेवढेच लागतात, आणि आपला संपूर्ण बंद मार्गच सुमारे २७५ सेंमीचा आहे.

दुसरे उत्तर

वरील हिशेब योग्य आहे, पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. या बंद मार्गावर खऱ्या गाडीच्या ताशी ६० किमीशी प्रमाणबद्ध वेगाने निघालेली गाडी सुमारे २६ सेकंदांत पुन्हा त्याच फलाटासमोर येते, आणि स्थानकातून सुटलेली गाडी कुठेतरी दूर गेली हा भास टिकत नाही. आपल्याला एचओची इंजिने आवडतात, तर बंद मार्गाचा हट्ट सोडून शंटिंगचा, म्हणजे वाघिणी मागेपुढे करून हव्या त्या क्रमाने लावण्याचा, आराखडा करावा, असे मला मनापासून वाटते.

ब्रिटनमधील ॲलन राइट यांचा ‘इंगलनुक साइडिंग्ज’ हा आराखडा त्यासाठी आदर्श आहे. दोन सांधे आणि तीन साइडिंग. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठ वाघिणींपैकी पाच निवडून त्या ठरलेल्या क्रमाने गाडीला जोडायच्या, एवढेच काम. पण असे ६,७२० वेगवेगळे क्रम होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. एचओमध्ये एक वाघीण १२ सेंमी, इंजिन १५ सेंमी आणि प्रत्येक सांधा सुमारे २० सेंमी धरला, तर मूळ आराखड्याला दीड मीटर लागेल. साइडिंग तीन, दोन, दोन वाघिणींच्या केल्या, तर तो ११५ सेंमीत बसतो. मग पाच वाघिणींपैकी तीन निवडायच्या असल्याने क्रम ६०च उरतात, तरीही संध्याकाळचा वेळ उत्तम जातो. शिवाय रुंदी निम्मीच लागल्याने मालधक्का, गोदाम आणि मागचा रस्ता यांना ऐसपैस जागा मिळते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. पुलाचा विचार सोडला आहे. गाडी फिरताना पाहण्यापेक्षा हाताने शंटिंग करणे मला अधिक आवडेल, असे आता वाटते; म्हणून एचओ आणि तीन-दोन-दोनचा आराखडा घेतो. सांधे घेताना काय पाहावे?

तिसरे उत्तर

दोन रूळ एकमेकांना छेदतात तो सांध्याचा मधला भाग, म्हणजे फ्रॉग, धातूचा असलेला आणि वीजपुरवठा जोडता येणारा सांधाच घ्यावा. प्लास्टिकच्या फ्रॉगवर चार चाकांचे छोटे इंजिन सावकाश जाताना वीज तुटून थांबते. शंटिंगमध्ये गाडी सतत सावकाशच चालवायची असते, त्यामुळे हा दोष इथे सर्वाधिक जाणवतो. फ्रॉगची विद्युतध्रुवता सांध्याबरोबर बदलली पाहिजे. सांधा फिरवणाऱ्या यंत्रणेला जोडलेला एक छोटा स्विच हे काम करतो.

रूळ चिकटवण्यापूर्वी सांध्यांचे पूर्ण आकाराचे कागदी नकाशे फळीवर पसरावेत आणि त्यांवर प्रत्यक्ष वाघिणी ठेवून पाहाव्यात. कागदावर साइडिंगची लांबी सांध्याच्या टोकापासून मोजली जाते. पण वाघीण तिथे उभी केली, तर शेजारच्या मार्गावरून जाणारी वाघीण तिला घासते. दोन वाघिणींमध्ये बोटभर फट राहील त्या जागी खूण करावी आणि तिथून पुढची लांबीच खरी धरावी. इंजिन मागेपुढे करण्याचा मार्ग फळीच्या कडेपर्यंत सरळ न्यावा आणि टोकाला अडथळा पक्का बसवू नये. पुढे कधी जोडफळी लावता आली, तर मूळ पाच-तीन-तीनच्या दिशेने वाढायला हीच बाजू उपयोगी पडेल.