२,१५०चा फवारणी पंप शेवटच्या पानावर २,८३८ला! हा डिलिव्हरी चार्ज लागतो कसा?

शहादा_४२५४०९ (प्रश्न)

राम राम मंडळी. १६ लिटरचा बॅटरी फवारणी पंप एका वेबसाइटवर २,१५०ला दिसतो. पत्ता टाकून पुढे गेलं की शेवटच्या पानावर होतात २,८३८. फोड अशी: डिलिव्हरी ५९०, कॅश ऑन डिलिव्हरी ४९, 'पार्सल सुरक्षा' ४९. पंपाचं वजन ६ किलो, असं त्याच पानावर लिहिलंय. आणि पिनकोड ४२५००१ म्हणजे जळगाव टाकला, तर तीच डिलिव्हरी ३५० होते.

हाऊ चार्ज नेमका कसाना शे भाऊ? कमी होतो का? सोबत ७० रुपयांचे नोझल-वॉशर घ्यायचेत, त्यांना वेगळे ८० डिलिव्हरी मागतोय.

पार्सल_हब

६ किलो विसरा. कुरिअरमध्ये दोन वजनं असतात, काट्यावरचं आणि खोक्याचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. खोक्याचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. काही कंपन्या रस्त्याच्या मालाला ५००० ऐवजी ४००० ने भागतात, मग आकडा आणखी फुगतो.

१६ लिटरच्या पंपाचा खोका साधारण ३९ × २२ × ५३ धरा. गुणाकार ४५,४७४. भागिले ५००० म्हणजे ९.०९. तो पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण किलोला वर ओढतात, म्हणजे ९.५ नाहीतर १०. किलोला ३५चा दर धरला तर १० किलोचे ३५०. जळगावचा तुमचा आकडा इथे जुळतो. टाकी पोकळ आहे हे खरं, पण गाडीत हवेलाही जागा लागतेच.

वरचे २४० (५९० वजा ३५०) हे बहुधा 'ओडीए'चे, म्हणजे नेहमीच्या डिलिव्हरी हद्दीबाहेरचे. हा चार्ज गाव बघून नाही, पिनकोड बघून लागतो. म्हणून शहाद्याच्या बसस्टँडजवळचा माणूस आणि दूरच्या पाड्यावरचा, दोघांनाही कंपनीच्या यादीप्रमाणे एकच भुर्दंड.

आता कमी कसं करायचं. विक्रेत्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: खोक्याचं बाहेरचं माप काय, माल 'सरफेस'ने (रस्त्याने) जातो की 'एअर'ने (विमानाने), आणि कुरिअरच्या जवळच्या हबवरून (गोदामातून) स्वतः उचलला तर ओडीए वगळता येतो का. काही वेबसाइट सगळ्याच मालाला एअरचा दर लावून ठेवतात. पंपाला दोन दिवस उशीर झाला तर काय बिघडतं? टपालाने पाठवायला विक्रेता तयार असेल तर उत्तम. पोस्टाच्या पार्सलला वजन आणि अंतर मोजतात, दुर्गम गाव म्हणून वेगळा चार्ज नसतो.

जळगाव किंवा धुळ्याच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवणं तेव्हाच परवडतं, जेव्हा कुणाचं तिकडून येणं होणारच असतं. नाहीतर वाचलेले २४० भाड्यात जातील. तसं मागवलंच तर बिलावर नाव-पत्ता स्वतःचाच ठेवा, फक्त डिलिव्हरीचा पत्ता बदला. वॉरंटीच्या वेळी बिलावरचं नाव बघतात.

नोझल-वॉशरचं सोपं आहे. पंपाच्या विक्रेत्याकडेच असतील तर त्याला म्हणा, पिशवी रिकाम्या टाकीत टाकून दे. खोका तेवढाच राहतो, वजन १०० ग्रॅमनेही वाढत नाही, ८० रुपये सुटले. मात्र एकाच वेबसाइटवर असले तरी 'विक्रेता' या नावाखाली दोन वेगळी नावं दिसत असतील, तर दोन गोदामं, दोन पार्सलं, दोन चार्ज. तिथे काही चालत नाही. ७० रुपयांचे वॉशर मग गावातल्या कृषी केंद्रातच घ्या.

बिल्टीवाला_धुळे

पंपापुरतं वरचं ठीक. पण कडबा कुट्टी, मोटर, ठिबकची बंडलं असा २०-२५ किलोच्या वरचा माल असेल तर कुरिअरचा नाद सोडा, ट्रान्सपोर्टने मागवा. राजकोट, अहमदाबाद, कोइमतूरचे विक्रेते रोज माल टाकतात.

इथे पैसे वेगळ्या जागी फुटतात. वेबसाइटवर 'डिलिव्हरी फ्री' असतं आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'टू पे'. टू पे म्हणजे भाडं घेणाऱ्याने द्यायचं. त्यामुळे ऑर्डरआधीच विचारा: 'बिल्टी पेड की टू पे? गोडाऊन डिलिव्हरी की डोअर डिलिव्हरी?' उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. गोडाऊन डिलिव्हरी असेल तर माल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गोडाऊनपर्यंतच येतो, पुढची रिक्षा-छोटा हत्ती तुमचा. भाड्याशिवाय बिल्टी चार्ज, हमाली, डिझेलचा अधिभार लागतो. शिवाय किमान वजनाचं भाडं ठरलेलं असतं, माल त्याहून हलका असला तरी तेवढं द्यावंच लागतं. फोन आल्यावर माल लगेच उचला, ठरलेल्या दिवसांनंतर डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, चालू होतं.

आणि सही करायच्या आधी खोका फिरवून बघा. फाटलेला, दबलेला असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. कोरी सही केली की भांडायला जागा उरत नाही.

ग्राहक_खान्देश

डिलिव्हरीचे पैसे घेणं बेकायदा नाही, ते लपवणं आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर यांच्या फोडीसह दाखवायला हवी. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला तुमची संमती मानता येत नाही. तुमची ती ४९ची 'पार्सल सुरक्षा' बहुतेक अशीच आधी टिक केलेली असेल, खाली स्क्रोल करून काढून टाका.

३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नच्या (वेबसाइटवर ग्राहकाला चकवायच्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकार आहेत. न विचारता टोपलीत घातलेली वस्तू म्हणजे 'बास्केट स्नीकिंग' आणि शेवटच्या पानावर किंमत वाढवणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग'. (आपल्याकडे ड्रिप म्हटलं की केळीची बाग आठवते. इथेही थेंबाथेंबानेच, फक्त खिशातून.)

तक्रार करायची तर तीन स्क्रीनशॉट ठेवा: वस्तूचं पहिलं पान, पत्ता टाकल्यानंतरचं पान, पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान. तारीख-वेळ दिसू द्या. आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निपटारा द्यायचा असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर फोन. त्यापुढे ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे नंदुरबारलाच तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अर्थात ४९ रुपयांसाठी आयोगापर्यंत कुणी जात नाही. १९१५वर नोंद झाली की पुष्कळदा तिथेच मिटतं.

डिलिव्हरीवाला दारात वेगळे ५०-१०० मागत असेल तर देऊ नका. पावतीवर नाही तो चार्ज नाही. आणि 'पत्ता अपुरा आहे, ५ रुपये भरा' असा लिंकवाला मेसेज आला तर लिंक उघडूच नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

शहादा_४२५४०९

सुरक्षेची टिक खरंच आधीच होती, काढली. सरफेसचं विक्रेत्याला विचारतो. कॅश ऑन डिलिव्हरीचे ४९ वाचवायला आधीच पैसे भरू का? आणि पंप परत केला तर ५९० परत मिळतात का?

पार्सल_हब

वेबसाइट ओळखीची असेल तर आधी भरा. पहिल्यांदाच दिसलेली असेल तर ४९ द्या आणि झोप शांत घ्या. पंप सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यावाच लागतो, तिथे ५९०सकट मागा. 'आवडला नाही' म्हणून परत केलात तर डिलिव्हरी बहुतेक ठिकाणी कापतात, परतीचं पान आधी वाचा. पार्सल उघडताना लेबलपासून व्हिडिओ चालू ठेवा आणि टाकीच्या तोंडाजवळ तडा नाही ना, ते पहिलं बघा. दोन लिटर पाणी भरून उलटी केली की लगेच कळतं.