'लूफा के पारालायी': शब्द मराठीत कसे आणावेत?

पाटीपेन्सिल:
नीकोस पेराकिसच्या १९८४ च्या चित्रपटावरून निघालेल्या या ग्रीक मालिकेला मराठी उपशीर्षकं द्यायची आहेत. शिपाई एकमेकांना 'सिरा' म्हणजे 'मालिका' अशी हाक का मारतात? अंगाला 'प्लग' असलेला शिपाई म्हणजे कोण? '२३ आणि आज' हा कसला हिशेब? आणि नावाचं मराठी काय करावं?

काठावरचा:
सिरा म्हणजे सक्तीच्या सैनिकी सेवेत एकाच वेळी भरती झालेली तुकडी. सरळ 'बॅचवाल्या' लिहा. ज्येष्ठता वयावर नाही, बॅचवर ठरते. म्हणून तिशीतला पदवीधरही आधीच्या बॅचमधल्या १९ वर्षांच्या पोराचं ऐकतो. हे नातं उपशीर्षकात दिसलं नाही तर निम्मे विनोद वाया जातात.

'विस्मा', म्हणजे प्लग, हा आपला वशिला. प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडताना बदलीची यादी लागते. वशिला असेल तर अथेन्समधलं ऑफिस, नसेल तर तुर्कस्तानलगतची एव्रोस नदीची सरहद्द किंवा लांबचं बेट. 'तगड्या वशिल्याचा' म्हटलं की प्रसंग उभा राहतो.

'२३ आणि आज' म्हणजे सेवेतून सुटायला उरलेले दिवस, आजचा सोडून. बेरीज करून २४ लिहू नका, पुढच्या प्रसंगातले आकडे जुळणार नाहीत.

रात्रपाळी:
आणखी दोन खाचा. 'गेर्मानिको' म्हणजे रात्री २ ते ४ चा पहारा. पहारे दोन-दोन तासांचे असतात. यात झोप बरोबर मधोमध तुटते, म्हणून तो कुणालाच नको असतो. 'जर्मन पहारा' लिहिलंत तर वाचणारा महायुद्धात जाईल, 'दोन ते चारचा पहारा' लिहा. सुटका जवळ आलेल्याला म्हणतात 'लेले'. ते तसंच ठेवलंत तर मराठी प्रेक्षक आडनाव समजेल! 'सुटीवाला'ही नको, रजेवरचा वाटतो. 'सुटलो रे' ही आरोळी चालेल.

सेवेचा काळ मालिकेच्या त्या-त्या भागात आहे तोच ठेवा. भूदलात २००९ पासून ९ महिने होते, २०२१ मध्ये १२ झाले. आजचा आकडा जुन्या भागात घालू नका.

काठावरचा:
आता नाव. ग्रीक सैन्यात 'अपोक्रिप्सी के पारालायी' शिकवतात, म्हणजे दडणं आणि छद्मावरण. नावात पहिला शब्द बदलून 'लूफा' घातलाय: अंग चोरणं, कामाला टांग देणं. मराठीत 'दडी आणि छद्मावरण' हा मूळ धडा धरला, तर 'दांडी आणि छद्मावरण' हे नाव होतं. ग्रीकमध्ये अख्खा शब्द बदललाय, इथे एका अक्षराच्या फरकात खेळ साधतो.

मात्र मूळ चित्रपटात 'लूफा'ला आणखी एक धार आहे. तो ग्रीसमध्ये हुकूमशाही आणणाऱ्या २१ एप्रिल १९६७ च्या लष्करी उठावाच्या आसपासचा, सैन्याच्या दूरचित्रवाणी केंद्रात काम करणाऱ्या सक्तीच्या शिपायांचा. हुकूमशाहीच्या चाकरीत अंग चोरणं हा तिथे आळस नाही. म्हणून 'कामचुकार' हा शब्द टाळा, त्यात दूषण आहे. 'दांडी'त ते नाही.