‘इंडिजिनस आर्ट’च्या गॅलरीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मेलबर्नच्या एका गॅलरीचं माहितीपत्रक इथल्या मराठी मंडळींसाठी मराठीत करतेय. ‘कंटेम्पररी इंडिजिनस आर्ट’ला ‘समकालीन आदिवासी कला’ लिहिलं, तर घरातच विचारणा झाली, ‘वारली चित्रं आहेत का?’ ‘मूळनिवासी’ बरा का? आणि ‘कमर्शियल गॅलरी’ म्हणजे ‘व्यापारी कलादालन’?

प्रतिसाद: ताई, ‘मूळनिवासी’ नको. आपल्याकडे त्या शब्दाला चळवळीचा वेगळाच अर्थ चिकटलाय. ‘आदिवासी’ चूक नाही, अपुरा आहे. ऑस्ट्रेलियात ‘इंडिजिनस’मध्ये ॲबोरिजिनल येतात तसे टॉरस स्ट्रेटचे बेटवासीही येतात, आणि ते दोन वेगळे समाज आहेत. दोन्ही नावं सरळ लिहा. ओळ लांबली तर लांबू दे.

‘व्यापारी’ मात्र काढाच. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार भाड्याने जागा घेतो आणि आपली चित्रं आपणच विकतो. इथे गॅलरी चित्रकार निवडते, प्रदर्शन भरवते आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा घेते. ‘विक्रीचं कलादालन’ पुरेसं आहे.

प्रश्नकर्ती: आणि ‘आर्ट सेंटर’? मी ‘कलाकेंद्र’ केलंय.

प्रतिसाद: अहो, नको! कलाकेंद्र म्हटलं की आमच्या पुणे-नगरकडे ढोलकी ऐकू येते. ‘आर्ट सेंटर’च ठेवा आणि एका वाक्यात समजवा: त्या समाजांच्या वस्तीतल्या चित्रकारांनीच चालवलेली संस्था. कॅनव्हास, रंग पुरवायचे, चित्राची नोंद करायची, मग ते शहरातल्या गॅलरीकडे धाडायचं, ही तिची कामं. ‘पापुन्या तुला’ नावाची १९७२ साली स्थापन झालेली कंपनी तर चित्रकारांच्याच मालकीची आहे.

आणखी एक प्रतिसाद: नावांकडेही बघा. क्लिफर्ड पॉसम जापलजारी या चित्रकाराच्या नावातलं ‘जापलजारी’ हे आडनाव नव्हे. तो नात्यांच्या व्यवस्थेतला गट आहे, कोणाचं कोणाशी लग्न जुळू शकतं हे त्यावरून ठरतं. त्याच गटातली बाई ‘नापलजारी’. म्हणजे भावाचं नाव ‘ज’ने सुरू होईल आणि सख्ख्या बहिणीचं ‘न’ने. दोन चित्रकार ‘जापलजारी’ दिसले म्हणून ‘जापलजारी बंधू’ लिहून मोकळं होऊ नका. इंग्रजीत ‘टीजे’ अशी अक्षरं असतात, पण ‘त्जा’ लिहिण्यात अर्थ नाही. उच्चार आपल्या तालव्य ‘च’-‘ज’च्या जवळचा आहे.

‘ड्रीमिंग’चं ‘स्वप्न’ केलं असेल तर तेही बदला. त्यात पूर्वजांची कथा, ती घडली ती जागा आणि ती सांगायचा हक्क, सगळं एकत्र येतं. झोपेशी संबंध नाही. आणि ‘ठिपक्यांची रांगोळी’ म्हणायचा मोह टाळा. रांगोळीत ठिपके रेघांना आधार देतात, पापुन्याकडच्या चित्रांत बहुतेकदा ठिपक्यांनीच पार्श्वभूमी भरलेली असते.

प्रश्नकर्ती: शेवटचा अडलेला शब्द, ‘रीसेल रॉयल्टी’.

प्रतिसाद: ‘फेरविक्री स्वामित्वधन’. जून २०१० पासून तो कायदा लागू आहे: पात्र चित्र १,००० डॉलर किंवा जास्तीला पुन्हा विकलं गेलं, तर ५ टक्के चित्रकाराला, तो हयात नसेल तर वारसांना. याच क्लिफर्ड पॉसमचं १९७७ सालचं ‘वार्लुगुलाँग’ आधी १,२०० डॉलरला गेलं होतं. २००७ च्या लिलावात त्याला २४ लाख डॉलर मिळाले. चित्रकार २००२ मध्येच वारला होता आणि तेव्हा हा कायदाही नव्हता. माहितीपत्रकात जागा असेल तर ही ओळ घालाच, नाहीतर ‘स्वामित्वधन’ वाचून लोक पुस्तकांचं काहीतरी समजतील.

प्रश्नकर्ती: घातली. मथळा असा केलाय: ‘ॲबोरिजिनल व टॉरस स्ट्रेट बेटवासी चित्रकारांची आजची चित्रं: प्रदर्शन व विक्री’. ‘समकालीन’ला रजा दिली.