आजोबांबद्दल पाच मिनिटं बोलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. मागच्या आठवड्यात आजोबा गेले. रविवारी स्मरणसभेत नातवंडांतर्फे मी बोलायचं ठरलंय आणि चार दिवस झाले, कागद कोराच आहे.

आधी फौज, मग स्वतःचा धंदा आणि शेवटची वीस वर्षं फक्त आमचे आजोबा. मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर पाच मिनिटांत ६०० शब्द. त्यात सगळं कोंबलं की नुसती जंत्री होते. म्हणून एकच प्रसंग नीट सांगावा असं वाटतं. मंदीत त्यांनी एकाही कामगाराला काढलं नाही, स्वतः वर्षभर एक पैसा घेतला नाही. हे आम्हाला कळलं ते परवा भेटायला आलेल्या एका जुन्या कामगाराकडून! घरात आजोबा कधी बोललेच नाहीत. मग त्यांनी जन्मभर झाकून ठेवलेलं मी चारचौघांत सांगावं का? आजीला विचारलं तर ती नुसती रडते.

फौजेतल्या दिवसांचं आमच्याकडे जवळपास काहीच नाही. तीन पदकं आहेत, कडेवर नाव आणि सेवा क्रमांक कोरलेला. त्यावरून नोंदी मागवणार आहोत, पण रविवारपर्यंत त्या मिळणार नाहीत. ऐकीव गोष्टी सांगायच्या नाहीत, एवढं मी ठरवलंय.

घरच्या माणसाबद्दल जे असं बोलले आहेत, त्यांनी पहिलं वाक्य काय घेतलं होतं, सांगाल का? आणि मध्येच गळा दाटून आला तर कसं सावरलंत?